प्रामाण्य आणि पडताळा

आपल्याला झालेले ज्ञान यथार्थ आहे हे आपणांस कळते तरी कशावरून, या प्रश्नाने भारतीय दर्शनकारांना जितके शतकानुशतके जागे ठेवले तितके दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने क्वचितच ठेवले असेल. मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान उत्पन्न होते तेव्हा ते आपले प्रामाण्य आपल्याबरोबरच घेऊन येते, त्यासाठी दुसऱ्याच्या दाखल्याची अपेक्षा ठेवीत नाही; नैयायिकांचे म्हणणे असे की ज्ञान होणे ही एक घटना आहे आणि ते ज्ञान खरे असल्याचे कळणे ही दुसरी घटना आहे, व ही दुसरी घटना त्या ज्ञानाबाहेरील एखाद्या कसोटीवाचून घडत नाही. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांपासून चौदाव्या शतकातील गंगेशोपाध्यायांपर्यंत या स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्याच्या वादात अत्यंत तीक्ष्ण बुद्धीची माणसे उतरली, आणि वेदाचे प्रामाण्य कसे सिद्ध करावे या धार्मिक चिंतेतून निघालेला हा वाद पुढे मनुष्याच्या एकंदर ज्ञानव्यवहाराची मीमांसा होऊन बसला. हा वाद आता पोथ्यांच्या बासनात बांधून ठेवण्याच्या योग्यतेचा झाला आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. मला ती मान्य नाही. आणि ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी जे उदाहरण निवडले आहे ते मुद्दामच आपल्या काळातील, संगणकाच्या अंतरंगातील आणि वरकरणी धर्माशी व दर्शनाशी कसलाही संबंध नसलेले असे आहे.

संगणक काळ कसा मोजतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याच्या मुख्य पाटीवर क्वार्ट्झचा एक लहान स्फटिक बसवलेला असतो. विजेच्या योगाने तो ठरावीक गतीने कंप पावतो, आणि त्याच कंपनांच्या पटीत प्रोसेसरचे ठोके पडत असतात. 1993 साली इंटेलने पेंटियम प्रोसेसर काढला तेव्हा त्यात टाइम स्टॅम्प काउंटर नावाचा एक गणक ठेवला, जो प्रत्येक ठोक्यागणिक एकाने वाढत जातो. आणि पुढील काळात, प्रोसेसरचा वेग कामाच्या मानाने कमी-अधिक झाला तरी हा गणक मात्र एकाच गतीने चालत राहावा, अशी तजवीजही करण्यात आली. हा गणक वाचण्यास अतिशय सुलभ आणि जलद असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचा जो मूळ कारभारी, म्हणजे कर्नल, तो काळाच्या बाबतीत शक्य तेथे याच गणकावर भिस्त ठेवतो. परंतु गणकाला ठोके मोजण्यापलीकडे काही ठाऊक नसते. सेकंद म्हणजे काय याची त्याला वार्ताही नसते. किती ठोक्यांचा एक सेकंद धरावा हा निवाडा कर्नलने करावयाचा असतो, आणि तो एकदा झाला की प्रत्येक फाइलीवरची वेळ, प्रत्येक नोंदीचा क्रम, प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत आणि ठरल्या वेळी उठवण्याचा प्रत्येक हुकूम त्याच निवाड्याच्या आधारे चालतो. मोजणी अणुमात्रही न चुकता माप चुकीचे असू शकते, आणि ज्याच्या हाती चुकीचे माप आहे त्याला आपल्या मोजणीतून आपली चूक कधीच दिसत नाही. या यंत्राच्या घडणीत दर्शनशास्त्राचा प्रश्न शिरतो तो नेमका या ठिकाणी.

स्कायलेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीच्या प्रोसेसरांना स्वतःविषयी माहिती विचारण्याची एक सोय आहे. त्यांना विचारले असता, आपला गणक स्फटिकाच्या किती पट गतीने चालतो हे गुणोत्तर ते स्पष्ट सांगतात; परंतु स्फटिकाची मूळ गती किती, या प्रश्नाला मात्र ते शून्य असे उत्तर देतात, म्हणजे मौन धरतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने हे मौन आपल्या पदरच्या एका कोष्टकाने भरून काढले होते. प्रोसेसरचा मॉडेल क्रमांक पाहावयाचा आणि त्यावरून गती ठरवावयाची, असा शिरस्ता होता: टेबलावरच्या व मांडीवरच्या सामान्य संगणकांतील स्कायलेक असेल तर 24 मेगाहर्ट्झ, अॅटम वर्गातील गोल्डमॉन्ट असेल तर 19.2 मेगाहर्ट्झ, आणि सर्व्हरसाठी बनवलेल्या झिऑन वर्गातील स्कायलेक असेल तर 25 मेगाहर्ट्झ. सांगितलेले गुणोत्तर आणि कोष्टकातील गती यांचा गुणाकार केला की गणकाची वारंवारता हाती येत असे. आणि ती हाती येताच कर्नल तिच्यावर ‘ज्ञात’ असा शिक्का मारीत असे.

या शिक्क्याचा परिणाम फार दूरवर पोचणारा होता. एरवी कर्नल सुरू होताना वारंवारतेचा एक कामचलाऊ आकडा धरतो, आणि मग सुमारे सेकंदभराच्या अवधीत त्या गणकाची चाल दुसऱ्या एका स्वतंत्र टायमरशी ताडून पाहून तो आकडा सुधारून घेतो. ज्या वारंवारतेवर ‘ज्ञात’ असा शिक्का बसला तिला ही तपासणी माफ होती. जे ज्ञात आहे त्याची पुन्हा चौकशी कशाला, असा हा सरळ हिशेब. हा शिक्का कोणी उतावीळपणे निर्माण केला असेही म्हणता येत नाही. संगणक सुरू होत असताना घाईघाईने घेतलेले माप फर्मवेअरच्या मध्येच येणाऱ्या व्यत्ययांनी बिघडू शकते, याचा कर्नलकारांना दीर्घ अनुभव होता, आणि त्या मानाने प्रोसेसरने स्वमुखाने सांगितलेली वारंवारता अधिक भरवशाची, ही त्यांची धारणा निराधार नव्हती. आप्ताचे वचन डळमळीत प्रत्यक्षापेक्षा श्रेष्ठ मानावे, हेच तत्त्व त्यांनी अनुसरले होते.

परंतु वस्तुस्थिती कोष्टकाहून निराळी होती. सर्व्हरसाठी असलेला तोच मॉडेल क्रमांक धारण करणारे प्रोसेसर वर्कस्टेशनांतही बसवले जात, आणि तेथे स्फटिक 24 मेगाहर्ट्झचा असे. गुणोत्तर शंभर आहे असे क्षणभर धरले, तर गणक सेकंदाला 240 कोटी ठोके देत असता कर्नल 250 कोटी ठोके पडेपर्यंत सेकंद पुरा झाला असे मानीत नसे. ही तफावत शेकडा चारची झाली. म्हणजे असे यंत्र आपल्याच घड्याळावर विसंबून राहिले तर दिवसाकाठी 57 मिनिटांहून अधिक मागे पडणार. जाळ्यावरून अचूक वेळ आणून घड्याळ हळूहळू सावरण्याची जी नेहमीची पद्धत आहे तिची दुरुस्तीची मर्यादा दहा लाखांत पाचशे भाग एवढी असते. शेकडा चार ही चूक त्या मर्यादेच्या ऐंशी पट भरते, त्यामुळे सौम्य उपायांनी ती आवरणे शक्यच नव्हते. सर्व्हरांतही गोष्ट अगदी सरळ नव्हती. तेथे स्फटिक 25 मेगाहर्ट्झचाच असे खरा, परंतु विद्युच्चुंबकीय उपद्रव कमी व्हावा म्हणून योजलेल्या एका मंडलामुळे त्याची प्रत्यक्ष गती नाममात्र गतीहून किंचित कमी भरे, आणि तेवढ्यानेही दर दहा मिनिटांमागे सुमारे एका सेकंदाचे अंतर पडे.

आता या चुकीचे दर्शनशास्त्राच्या दृष्टीने पृथक्करण करू. प्रोसेसरने जे सांगितले ते खरे होते. गुणोत्तरात काही दोष नव्हता. जेथे प्रोसेसर बोलला नाही तेथे त्याच्या मुखी घातलेला आकडा खोटा ठरला. म्हणजे दोष शब्दप्रमाणाचा नसून, शब्दाच्या मौनात गुपचूप शिरलेल्या अनुमानाचा होता. आणि त्या अनुमानाची घडण पाहिली तर नैयायिकांच्या परिभाषेत तो सव्यभिचार नावाचा हेत्वाभास ठरतो. ज्या ज्या ठिकाणी हा मॉडेल क्रमांक त्या त्या ठिकाणी 25 मेगाहर्ट्झचा स्फटिक, अशी व्याप्ती गृहीत धरलेली होती. आणि हेतू तर वर्कस्टेशनांतही सापडत होता, जेथे साध्याचा अभाव होता. जातीवरून व्यक्तीचा निर्णय करताना होणारी ही चूक मनुष्याच्या इतर व्यवहारांत किती ठिकाणी घडत असते हे वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट ही की अंतिम आकड्यावर शिक्का बसला तेव्हा त्यातील अर्धा भाग ऐकलेला आणि अर्धा भाग कल्पिलेला आहे, हा भेद पुसला गेला. प्रमाणभूत वचन आणि त्याच्यावर कोणीतरी चढवलेले भाष्य यांना एकाच मोहोरेखाली आणले की भाष्यालाही वचनाची प्रतिष्ठा मिळते, आणि मग भाष्यावर शंका घेणारा मनुष्य वचनाचाच द्रोही ठरू लागतो. धर्माच्या इतिहासात जे अनर्थ शास्त्राच्या नावावर मांडले जातात त्यांपैकी पुष्कळांची उत्पत्ती अशा एकवटलेल्या मोहोरेत आहे, असे माझे मत आहे.

येथे कोणी असे म्हणेल की हा सगळा स्वतःप्रामाण्याच्या सिद्धांताचाच दोष होय. ज्ञानाला पडताळ्याची गरज नाही असे म्हणणाऱ्या मीमांसकांची आणि ‘ज्ञात’ असा शिक्का मारून तपासणी माफ करणाऱ्या कर्नलची वृत्ती एकच. हा आरोप मीमांसकांवर अन्याय करणारा आहे. कुमारिलांचे म्हणणे एवढेच की ज्ञान झाल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवून प्रवृत्त होणे हा स्वाभाविक मार्ग आहे, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा जामीन मागत बसले तर जामिनाचाही जामीन मागावा लागेल आणि माणूस कोणत्याच कृतीला हात घालू शकणार नाही. परंतु त्याच कुमारिलांनी ज्ञान अप्रमाण ठरण्याची दोन द्वारे स्पष्टपणे उघडी ठेवली आहेत: पहिल्या ज्ञानाला बाधित करणारे दुसरे ज्ञान उत्पन्न होणे हे एक, आणि ज्या कारणापासून ज्ञान झाले त्या कारणातच दोष असल्याचे उघडकीस येणे हे दुसरे. स्वतंत्र टायमराशी ताडून पाहिल्यावर दिसणारे अंतर हे बाधकज्ञान, आणि वर्कस्टेशनातील स्फटिक 24 मेगाहर्ट्झचा असल्याचा उलगडा हे कारणदोषज्ञान. दोन्ही द्वारे या प्रकरणात अक्षरशः लागू पडतात. कर्नलने केले ते असे की विश्वास ठेवताना ही दोन्ही द्वारेही लावून घेतली. विश्वासाने आरंभ करणे ही मीमांसा होय. बाधक ज्ञानाला प्रवेशच मिळू नये असा बंदोबस्त करणे ही मीमांसा नव्हे.

नैयायिकांची बाजू या घटनेत आणखी निराळ्या रीतीने उठून दिसते. वात्स्यायनांनी न्यायभाष्याच्या आरंभीच प्रमाणाची सार्थकता सफल प्रवृत्तीशी जोडली आहे: पाणी आहे असे ज्ञान झाले, मनुष्य तिकडे गेला आणि त्याची तहान भागली, तर ज्ञान यथार्थ. चुकीच्या वारंवारतेचे फळ काय मिळाले ते पाहण्यासारखे आहे. ज्या यंत्रांत पुढल्या प्रसंगी उठवण्याचे काम दुसऱ्या एका टायमराकडे होते त्यांत तो टायमर आपल्या हिशेबाने वेळेवर उठवी, परंतु कर्नलच्या मंद घड्याळाप्रमाणे ती वेळ अद्याप काही मायक्रोसेकंद दूर असे. मग प्रोसेसर विसाव्याच्या, वीज वाचवणाऱ्या अवस्थेत जाण्याऐवजी ती वेळ येण्याची वाट पाहत जागाच बसे, आणि ही जाग इतकी वाढे की विजेचा जादा खर्च मापात दिसू लागे. अयथार्थ ज्ञानाने प्रवृत्ती विफल होते असे शास्त्र सांगते. येथे तर निवृत्तीही विफल झाली. चूक घड्याळाच्या काट्यावर दिसण्यापूर्वी ती आचरणातून, दमणुकीतून आणि उधळपट्टीतून प्रकट होत होती, आणि ज्याला फलावरून ज्ञानाची परीक्षा करण्याची सवय आहे अशा मनुष्याला तेवढी खूण पुरेशी असते.

परंतु परतःप्रामाण्य मान्य केले तरी एक गाठ सुटत नाही. ज्या टायमराशी ताडून पाहावयाचे त्याच्या खरेपणाला प्रमाण काय? तपासणीच्या कामी येणाऱ्या साक्षीदारांपैकी एकाची गती 3.579545 मेगाहर्ट्झ ठरलेली आहे. आणि ही संख्या कोठून आली याचा शोध घेतला तर ती 1953 साली अमेरिकेत ठरलेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकात निघते. त्या संकेतासाठी लागणारे स्फटिक विपुल व स्वस्त मिळत, म्हणून त्याच्या चौपट, म्हणजे 14.31818 मेगाहर्ट्झ, गतीचा स्फटिक 1981 साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात आला, त्याच गतीच्या तिसऱ्या हिश्शावर त्याचा प्रोसेसर चालला आणि बाराव्या हिश्शावर त्याचा टायमर; आणि जुन्या प्रणालींशी मेळ राहावा म्हणून ते आकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आज आपण ज्याला निःपक्षपाती साक्षीदार म्हणून पाचारण करतो तो असा परंपरेचा वारस आहे; त्याचा स्फटिकही उष्णतेने आणि वयाने किंचित ढळतो. त्याच्याही पलीकडे जावे तर जाळ्यावरून मिळणारी वेळ आहे, आणि तिच्यामागे सिझियमचे अणुघड्याळ आहे. तेथे मात्र वाट संपते. कारण 1967 साली सेकंदाची व्याख्याच अशी करण्यात आली की सिझियम 133 या अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची 9,192,631,770 कंपने म्हणजे एक सेकंद. ही संख्या बरोबर आहे की चूक असा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तिच्या आधीचे सर्व प्रश्न तिच्याच मापाने मोजले जातात.

नागार्जुनांनी विग्रहव्यावर्तनीत प्रमाणवाद्यांना नेमक्या याच अडचणीत धरले होते: प्रमाणे दुसऱ्या प्रमाणांनी सिद्ध होत असतील तर अनवस्था येते, आणि प्रमाणांवाचून सिद्ध होत असतील तर सर्वच गोष्टी प्रमाणांनी सिद्ध कराव्यात या तुमच्या प्रतिज्ञेचा भंग होतो. या आक्षेपाला न्यायसूत्रांत जे उत्तर सापडते ते मला भारतीय विचाराच्या सर्वांत परिपक्व उद्गारांपैकी एक वाटते. गौतमांनी तेथे तराजूचे उदाहरण घेतले आहे. सोने तोलताना तराजू हे प्रमाण असते; पण त्या तराजूविषयीच शंका आली तर वजन ठाऊक असलेले सोने त्यात घालून तराजू पारखता येतो, आणि त्या वेळी तो प्रमेय होतो. एकच वस्तू एका प्रसंगी प्रमाण आणि दुसऱ्या प्रसंगी प्रमेय असू शकते. प्रमाण असणे ही तिची जन्मजात सनद नसून तिला त्या त्या कार्यापुरता मिळालेला अधिकार आहे. सगळे तराजू एकदम संशयित धरावेत अशी वेळ व्यवहारात येत नाही, आणि कोणताही तराजू कधीच पारखावयाचा नाही असा हक्कही कोणाला मिळत नाही. अनवस्थेचा धाक दाखवून पडताळणी नाकारणाऱ्याला आणि अनवस्थेचा धाक घेऊन कृतीच थांबवणाऱ्याला, असे दोघांनाही हे एकच उत्तर पुरते. कर्नलच्या शिक्क्याचा खरा अपराध याच तत्त्वाविरुद्ध होता: त्याने एका प्रमाणाला कायमचे अप्रमेय करून टाकले.

म्हणूनच जी दुरुस्ती झाली तिचे स्वरूप लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. 2017 च्या डिसेंबरात इंटेलमधील कर्नलकार लेन ब्राउन यांनी जो पॅच दिला त्याने 25 च्या जागी 24 लिहिले नाही. तसे लिहिले असते तर वर्कस्टेशनांची घड्याळे सुधारून सर्व्हरांची बिघडली असती, आणि एका सव्यभिचार हेतूच्या जागी दुसरा आला असता. त्यांनी त्या मॉडेल क्रमांकापुरती कोष्टकातील नोंदच काढून टाकली. त्यामुळे वारंवारता ठरवणारे ते फलन आता त्या प्रोसेसरांसाठी शून्य परत करू लागले, म्हणजे स्फटिकाची गती मला ठाऊक नाही असा स्वच्छ जबाब देऊ लागले. ‘ज्ञात’ हा शिक्का बसेनासा झाला. आणि जी तपासणी माफ झाली होती ती पुन्हा सुरू झाली. यंत्र नाममात्र गती धरून सुरू होते आणि थोड्याच अवधीत स्वतंत्र टायमराच्या साक्षीने आपला आकडा सुधारून घेते. अज्ञान कबूल केल्याने ज्ञानाचा मार्ग खुला होतो हे तत्त्व आपण उपदेशपर वाङ्मयात अनेकदा वाचतो. येथे ते अत्यंत काटेकोर अर्थाने खरे ठरले, कारण मौनाला मौन म्हणून परत केल्याबरोबर मोजमापाला जागा मिळाली.

या तपासणीतही एक विवेक आहे. मोजून आलेला आकडा प्रारंभी धरलेल्या आकड्याहून शेकडा एकापेक्षा अधिक निराळा निघाला तर कर्नल तो स्वीकारीत नाही. इतके मोठे अंतर दिसले तर साक्षीदारच गोंधळला असण्याचा संभव अधिक, असे तो मानतो. म्हणजे येथे प्रत्यक्षालाही निरंकुश मुखत्यारी दिलेली नाही. मूळ धारणा आणि नवे माप ही परस्परांची मर्यादा राखतात. धारणा मापाला वेडेवाकडे जाऊ देत नाही आणि माप धारणेला गोठू देत नाही. श्रद्धा आणि परीक्षा यांचा योग्य संबंध कोणता असे मला कोणी विचारील तर मी हाच संबंध सांगेन. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची साधने सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मध्यभागी परिप्रश्न ठेवलेला आहे, आणि श्रद्धावानाला ज्ञान मिळते हे आश्वासन त्याच अध्यायात थोडे पुढे येते. गुरूला नमस्कार करणारा आणि गुरूला प्रश्न विचारणारा हे दोन वेगळे शिष्य तेथे कल्पिलेले नाहीत. तो एकच शिष्य आहे. ज्याची श्रद्धा परिप्रश्नाने विझते त्याच्याजवळ श्रद्धा नव्हती, एक शिक्का होता.

हे सर्व आपल्या धर्मजीवनाला परके आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच पंचांगाचा इतिहास आठवावा, कारण तेथेही प्रश्न अगदी असाच, कालमापनाच्या मूळ आकड्याचा होता. सूर्यसिद्धांताने वर्षाचे मान 365.258756 दिवस धरले आहे. प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून ते सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक आहे. ज्या काळी केवळ डोळ्यांनी आकाश पाहून हे मान काढले त्या काळाच्या दृष्टीने ही अचूकता थक्क करणारी आहे. तरीही वर्षाला साडेतीन मिनिटांची चूक हजार वर्षांत दोन दिवसांहून अधिक होते, आणि व्रते, पर्वे व ग्रहणांचे पुण्यकाल ज्या गणितावर अवलंबून ते गणित आकाशाशी विसंगत होऊ लागते. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी या प्रश्नाला ज्या रीतीने हात घातला ती रीत आजही अनुकरणीय आहे. केशवांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले. गणेशांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ग्रहलाघव रचताना कोणत्याही एका सिद्धांताची सरसकट सनद मानली नाही, तर ज्या ग्रहाचे गणित ज्या पक्षाने आकाशाशी जुळते तो पक्ष त्या ग्रहापुरता घेतला आणि जेथे कोणताच पक्ष जुळत नाही तेथे फरक करून घेतला. याहून मोठी गोष्ट अशी की आपलेही गणित कालांतराने शिथिल झाले तर ग्रहणे आणि ग्रहयुती पुन्हा निरखून ते सुधारून घ्यावे, असे त्यांनी पुढच्या गणकांस सांगून ठेवले. वेदांगाला पूज्य मानणाऱ्या घरातील हा मनुष्य आकाशाला साक्षीदार मानतो, आणि आपल्या ग्रंथावर ‘ज्ञात’ असा शिक्का मारण्याचे बुद्ध्या टाळतो.

त्यांच्यानंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे. ग्रहलाघव महाराष्ट्रात शतकानुशतके चालले, इतके की आकाश पाहण्याचे काम बहुतेकांनी सोडून दिले आणि ग्रंथ तेवढा हाती राहिला. गणेश दैवज्ञांचे आकडे पाळले गेले, त्यांची आज्ञा पाळली गेली नाही. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात सिद्धांतांचे आकडे आणि आकाश यांची विद्वत्तापूर्ण शहानिशा केली, व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी कोष्टके सिद्ध केली, आणि लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाचा पक्ष हिरिरीने मांडला; तेव्हा जुन्या आकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार परंपरेचा होता. त्या परंपरेचा कर्ता स्वतः पडताळ्याचा पुरस्कर्ता होता, याचा विसर पडल्याशिवाय असा आधार घेता येत नाही.

कर्नलमधील ती दुरुस्ती 28 जानेवारी 2018 रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या 4.15 या आवृत्तीत समाविष्ट होती, आणि तिच्यायोगे वगळलेल्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ती इतकी सोपी होऊ शकली याचे कारण असे की तो आकडा कोठे लिहिला आहे, कोणत्या यंत्रासाठी लिहिला आहे आणि त्याच्या पाठीमागे कोणती समजूत आहे हे सर्व उघड्यावर होते. ज्याला शंका आली त्याला शंकेच्या मुळापर्यंत जाता आले. आपल्या धर्मसंस्थांची, विद्यापीठांची आणि कुळाचारांची दफ्तरे अशी उघडी नाहीत. तेथे निर्णय शिल्लक राहतो आणि निर्णयाचे कारण हरवते, आकडा शिल्लक राहतो आणि आकडा काढण्याची रीत हरवते, आणि मग तो निर्णय किंवा तो आकडा पवित्र होऊन बसतो. सबब माझी वाचकांना विनंती एवढीच आहे की जे जे आपण पुढच्या पिढीच्या स्वाधीन करू, मग ते एखादे व्रत असो, एखादा सामाजिक नियम असो वा एखादे मत असो, त्याच्याबरोबर ते कशावरून ठरले, त्यातला किती भाग वचनाचा आणि किती आपल्या कल्पनेचा, आणि ते पुन्हा तपासावयाचे झाले तर कसे तपासावे, याची प्रामाणिक नोंद जोडून द्यावी. आणि जेथे आपल्याला ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असेच लिहावे.